सांगणाऱ्याचे नाव

आमच्या कोल्हापुरात बातमी छापून येण्याआधी भवानी मंडपात पोचलेली असते. ‘मी सांगितलं म्हणू नका हं,’ एवढी पुस्ती जोडली की सांगणारा मोकळा! पण हेच वाक्य संपादकाला ऐकवले, आणि न्यायाधीशाने त्यालाच नाव विचारले, तर?

वाचकहो, मला आठवते ते आमच्या गावचेच प्रकरण. चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतो आणि त्याच्या मुळाशी दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा १८८१-८२ साली झाला. बर्व्यांची म्हणून काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्या हाती आली नि छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झालीच. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. ते दिवस सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्या पत्रांचीच रुखरुख लागते. वचन देण्याआधी कागद पारखून घ्यायला हवा होता. खोटा कागद देणाऱ्याचे नाव लपवण्यात कसली आली नीती?

पण खरा कागद आणणाऱ्याचे काय? माझा भाचा वकिलीचा अभ्यास करतो. त्याला विचारले.

“मामा, अशिलाने सांगितलेले वकिलाने फोडायचे नाही. नवरा-बायकोच्या आपापसातल्या बोलण्यालाही संरक्षण आहे. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे पोलिसालाही सांगायला लावता येत नाही. पत्रकाराचे नाव मात्र त्या यादीत नाही.”

“अगंबाई! खबऱ्या पोलिसाचा असला तर झाकायचा, संपादकाचा असला तर उघडा पाडायचा?” आमच्या घरातून आवाज आला. (चकल्या तळतानाही तिचे कान इकडेच!)

१९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिलपुरते संरक्षण दिले. न्यायालयात ते चालत नाही. विधी आयोगाने १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात नवे कलम घालण्याची शिफारस केली. २०२१ साली पेगाससच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या संरक्षणाचे महत्त्व सांगितले. तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यात ते कलम नाहीच.

आता एखाद्या कचेरीतला कारकून खोट्या बिलाची नक्कल घेऊन आला आणि “साहेब, नाव फुटणार नाही ना?” म्हणाला, तर संपादकाने काय सांगावे? “माझ्याकडून फुटणार नाही,” एवढेच. पुढे तुरुंगाची पायरी चढायची तर ती त्याने स्वतःच चढायची.