‘देऊळ’ आणि दवाखाना

उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ हा चित्रपट २०११ साली आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला विभागून मिळाले. पुरोगामी मंडळींनी त्याचे कौतुक केले, ते मात्र बहुधा भाबड्या खेडुतांची फजिती म्हणून. ही दृष्टी मला मान्य नाही.

करडी गाय शोधून दमलेल्या केश्याला झाडाखाली दत्तदर्शन घडते. ते तो विकत नाही, विकणारे निराळेच. बघता बघता गावात देऊळ उभे राहते आणि अण्णांच्या मनातले रुग्णालय मागे पडते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा गुंतवणुकीच्या निवडीचा प्रश्न आहे. देवळाचा परतावा तत्काळ दिसतो: दुकाने, जमिनीचे भाव, पुढाऱ्याचे नाव. रुग्णालयाचा परतावा म्हणजे टळलेले मृत्यू, आणि टळलेल्या मृत्यूंची कोनशिला बसवता येत नाही! तरीही ग्रामीण माणूस देवाखेरीज कशालाच पैसा देत नाही, हे खोटे आहे. कऱ्हाडलगतच्या आमच्या मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना राबवली गेली, तेव्हा लोकांनी मीटरप्रमाणे पैसे मोजले.

आमच्याच सातारा जिल्ह्यात २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक प्राणास मुकले. डोंगरावरची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दाटीवाटीची दुकाने, आग. मेलेले बहुतांशी गरीब होते. त्यांच्या श्रद्धेला दोष देणे सोपे. परंतु उणीव होती ती सुरक्षित वाटेची.

चित्रपट एका ठिकाणी मात्र तोकडा पडतो. त्याला लोभ दिसतो, त्या लोभामागून येणारी दहशत दिसत नाही. त्यातल्या भाऊंसारखा पुढारी विरोधकाला हसतखेळत बाजूला सारतो. प्रत्यक्षात काय घडले? साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर कोणाच्या पूजेच्या आड आले नव्हते. श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या शोषणाविरुद्ध ते कायदा मागत होते. या कायद्याने वारी बंद पडेल, असा अपप्रचार झाला आणि विधेयक वर्षानुवर्षे रखडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा संमत झाला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. या खुनामागचा मेंदू कोणाचा, याचे उत्तर त्या निकालातून मिळाले नाही.

‘देऊळ’मध्ये बाजाराला विटून अखेर मूर्ती नदीत विसर्जित करतो तो केश्याच, म्हणजे गावातला खरा भक्त. आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. मंदिराची वर्गणी सुरू झालेल्या गावात हा चित्रपट जरूर दाखवावा. पण प्रेक्षकांत बसलेल्या केश्याला हसू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत ग्रामसभेत जावे आणि आरोग्य उपकेंद्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावावा.