गुंठ्यांचे शहर आणि घराचा हक्क

औरंगपुऱ्यातील दुकानात दिवसभर उभा राहणारा नोकर रात्री दुकान बंद झाल्यावर कोठे जातो, या एका प्रश्नात शासनाच्या गृहनिर्माण धोरणाची परीक्षा आहे. जिल्हा परिषद, सरस्वती भुवन महाविद्यालय, पुस्तकांची दुकाने, सारे या भागात पायी चालण्याच्या अंतरावर आहे. परंतु येथे राबणाऱ्याला येथे राहणे परवडत नाही. त्याची वाट शहराच्या वेशीबाहेरच्या एखाद्या गुंठ्यावर संपते. तेथे रस्ता, गटार आणि नळ घरानंतर कित्येक वर्षांनी पोहोचतात.

हा दैवाचा खेळ नव्हे, धोरणाचा परिणाम आहे. २००१ साली राज्याने गुंठेवारी कायदा करून बेकायदा भूखंड नियमित केले. २०२१ साली ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांवर नेली. २०२५ साली १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनेही नागरी क्षेत्रात सैल केली. पोटाला चिमटा काढून गुंठा घेणाऱ्या श्रमिकाचे छप्पर कायदेशीर झाले, हे न्याय्यच होय. परंतु त्याला रानात घर शोधावे का लागले, या प्रश्नाला शासनाने कधी हात घातला नाही. रोग तसाच ठेवून दर वीस वर्षांनी मलमपट्टी करणे याला धोरण म्हणत नाहीत.

या विस्ताराचे अर्थशास्त्र सरळ आहे. शेतजमीन बिगरशेती होताच तिची किंमत अनेक पटींनी वाढते. ती वाढ जमीनमालक व दलाल यांच्या पदरात पडते. रस्ते, जलवाहिन्या आणि दिवाबत्ती यांचा खर्च मात्र समाजाच्या माथी येतो. ज्या शहराला सुमारे चाळीस किलोमीटरवरील जायकवाडीतून पाणी उपसून आणावे लागते, आणि ज्याच्या नळांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले, त्याने आणखी पसरावे हा कोणता हिशेब? मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली तेव्हा वस्तीबरोबर भूमिगत नहरींचाही विचार केला होता. आज वस्ती आधी होते आणि पाण्याचा शोध मागून सुरू होतो. दरम्यान खाम आणि सुखना या नद्या सांडपाणी वाहतात, आणि हिमायत बागेसारखी हिरवी जागा वाढत्या वस्तीच्या विळख्यात सापडते.

वेगळा मार्ग अशक्य नाही. याच शहरात सिडकोने सत्तरच्या दशकापासून जमीन सार्वजनिक ताब्यात घेऊन अल्प उत्पन्न गटांसाठी हजारो लहान घरे बांधली. त्या प्रयोगात दोष होते. पण रस्ता व नळ यांची आखणी घराबरोबर झाली. उलट पंतप्रधान आवास योजनेखाली येथील सुमारे चाळीस हजार घरांची निविदा २०२३ साली गैरव्यवहाराच्या तपासात अडकली. त्या घरांसाठी निवडलेल्या तीसगाव, पडेगाव यांसारख्या जागाही कडेच्याच होत्या. गरिबाची जागा गावकुसाबाहेर, ही जुनी रीत योजनेच्या कागदावरही सुटली नाही.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे धोरण मंजूर करून २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रश्न केवळ संख्येचा असता तर तो केव्हाच सुटला असता: २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. घर कोठे, कोणाला आणि कोणत्या किमतीत, हेच खरे प्रश्न आहेत. शहराच्या गाभ्यातील पडीक सरकारी जमिनी विकण्याऐवजी त्यांवर भाड्याची सार्वजनिक घरे उभारावीत. रिकाम्या भूखंडांवर चढता कर बसवावा. बिगरशेती परवानगीने वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा नगराच्या तिजोरीत यावा. नदीकाठ आणि टेकड्या बांधकामापासून कायमच्या मुक्त ठेवाव्यात.

महात्मा फुल्यांचा पुतळा औरंगपुऱ्यात उभा आहे. ज्यांच्या घामावर पेठ चालते त्यांना त्या पेठेच्या जवळ राहता येत नसेल, तर त्या पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार राज्यकर्त्यांनी स्वतःच गमावला आहे.