न्याय कोणाच्या खात्यात?

जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या शाळेत मासिक पाळी कोणाला आहे हे तपासण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावले गेले; ती विटंबना याहून तपशिलाने सांगत बसण्याची गरज नाही. पाचवी ते दहावीतल्या पोरी त्या. पालक शाळेवर धडकले, गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली, विधिमंडळात विषय निघाला आणि कठोर कारवाईची ग्वाहीही ठरल्याप्रमाणे मिळाली. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. हा खटला रेंगाळला तर जाब कोणाला विचारायचा?

दिल्लीत विधी व न्याय मंत्रालय आहे. त्याचे विभाग तीन. एक सरकारला कायदेशीर सल्ला देतो, दुसरा विधेयकांचे मसुदे करतो, तिसऱ्याचे नावच न्याय विभाग. हा न्याय विभाग 1979 अखेरपर्यंत गृह मंत्रालयात होता. तिथून निघाला खरा, पण फौजदारी कायदा मागेच राहिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता नावात न्याय मिरवते, मात्र ती संसदेत मांडली गृहमंत्र्यांनी. मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा महिला व बालविकास मंत्रालयाकडे. त्या कायद्याखालच्या जलदगती विशेष न्यायालयांची योजना न्याय विभागाकडे, तिला केंद्राचा पैसा निर्भया निधीतून. तपास राज्याच्या पोलिसांचा, न्यायाधीशांवर देखरेख उच्च न्यायालयाची. एवढ्या दारांपैकी शहापूरच्या बापाने कोणते ठोठावायचे?

बरे, कायदामंत्री तरी कोण? बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलेले हे पद. मे 2023 मध्ये किरेन रिजिजू यांना तिथून हलवले आणि अर्जुनराम मेघवाल यांच्याकडे स्वतंत्र कार्यभार दिला. 2024 च्या निवडणुकीनंतरही तेच. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ देशाचा कायदामंत्री राज्यमंत्री आहे आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला हक्काची खुर्ची नाही. मेघवालांच्या वकुबाचा हा प्रश्न नाही. सरकारच्या लेखी या खात्याची पत किती, ते यातून कळते. मुंबईत उलटी तऱ्हा. तिथे गृह आणि विधी व न्याय ही दोन्ही खाती मुख्यमंत्र्यांकडेच. पोलिसांनी कसूर केली म्हणून न्याय खात्याकडे जावे, तर समोर तेच गृहमंत्री!

न्यायाधीश सरकारच्या हाताखाली नसावेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण न्यायालयाची इमारत, कारकून, लघुलेखक, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यांत कोणते स्वातंत्र्य धोक्यात येते? हे सारे सरकारचेच काम आहे. ते अडले की मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारी पाठवतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे त्याआधी एसटीची पायरी चढावी लागते. शहापूर आणि शेजारच्या मुरबाडला दिवाणी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत, पण पॉक्सोचा खटला सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयातच चालतो. माळशेज घाटाच्या पायथ्याच्या पाड्यावरून तारखेला जायचे म्हणजे पहाटे निघायचे, मजुरीचा खाडा करायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानशाचे पाणी मुंबईला घरपोच जाते. न्याय इकडे घरपोच यावा म्हणून 2008 साली ग्राम न्यायालयांचा कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2009 पासून, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, लागू झाला. न्यायाधिकारी गावोगाव जाऊन काम चालवील, ही त्यातली कल्पना. किमान वेतन, वेठबिगारी हे विषयही त्याच्या कक्षेत. वीटभट्टीवर उचलीपायी अडकणाऱ्या कातकऱ्याला याहून उपयोगाचे न्यायालय कोणते? पण कायद्याने राज्यांना सक्ती केली नाही, स्थापन करू शकतील एवढेच म्हटले. केंद्राची मदत एका न्यायालयामागे एकदाच 18 लाख रुपये, शिवाय पहिली तीन वर्षे दरसाल 3 लाख 20 हजार. एवढ्यावर राज्ये कशाला धावतील? आणि का धावली नाहीत, हे विचारणारा वजनदार मंत्री दिल्लीत आहे कुठे?

जाब देणारा कोणी नसला की काय होते, ते बदलापूरने दाखवले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवायला आईबापांना ताटकळावे लागले, मग लोक रुळांवर उतरले. महिनाभरानंतर आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. काहींनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला मात्र कधी चाललाच नाही, आणि याची जबाबदारी कोणत्या खात्याची, हेही कोणी सांगितले नाही.

आता शहापूर. पॉक्सो कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षभरात खटला संपवा. जलदगती न्यायालयांच्या योजनेला मुदत मात्र 31 मार्च 2026 पर्यंतचीच दिली होती. गुन्हा जुलै 2025 चा. त्यानंतर या मुली साक्षीला उभ्या राहतील तेव्हा ती योजना चालू असेल का, हे आजच सांगायला कोणत्या मंत्र्याला बोलवायचे?