शांतिसेनेच्या नावाने झालेले युद्ध

पनवेल तालुक्यातील विचुंबे गावात गटारावर किंवा नळयोजनेवर पैसा खर्च झाला, तर ग्रामपंचायतीला वर्षाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. कायद्यानेच तसे बंधन घातले आहे. परंतु त्याच गावचा एखादा जवान परक्या भूमीवर लढावयास पाठवायचा असेल, तर दिल्लीच्या सरकारवर संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन नाही. ही विसंगती देशाला किती महाग पडते, ते श्रीलंकेच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी व जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय सैन्य जाफना द्वीपकल्पात उतरू लागले. लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेल्या पंतप्रधानांना ठराव संमत करून घेणे अवघड नव्हते; तरीही संसदेचे मत आधी घेतले गेले नाही. १९८३ च्या दंगलींनंतर तमिळ जनतेचे हाल झाले होते, निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत येत होते, हे खरेच. म्हणूनच ‘शांतिसेना’ या शब्दाआड कोणते संकट दडले आहे, हे विचारण्याची निकड फारच थोड्यांना वाटली.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत चित्र पालटले. ज्या लिट्टेकडून शस्त्रे खाली ठेवून घ्यावयाची, तिच्याशीच उघडे युद्ध सुरू झाले. सुरुवातीस काही हजार असलेले सैन्य पुढे सत्तर हजारांच्या घरात गेले. तमिळांना ते आपले वाटेना, सिंहलींना तर ते प्रथमपासूनच परके होते. अखेर श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच ते परत न्यावे अशी मागणी केली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी माघारी आली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी तिच्या स्वागताला गेले नाहीत. सुमारे १,२०० जवान कामी आले होते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या शौर्याला वंदन करावे तेवढे थोडेच. परंतु सत्ताधाऱ्यांची जुनी युक्ती येथेच असते. सैन्य आधी पाठवावयाचे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘जवान लढत असताना शंका कसली?’ असे म्हणून गप्प बसवावयाचे. अशा रीतीने मृतांचे बलिदान हेच युद्ध चालू ठेवण्याचे कारण ठरते. देश युद्धात ओढला जातो तो रणदुंदुभीने क्वचितच; बहुधा करार, मदत, शांतता अशा सौम्य शब्दांच्या पायऱ्यांनी.

वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात, हा सरकारी युक्तिवाद वाटाघाटींपुरता मान्य करता येईल. सैन्य रवाना करणे ही मात्र वाटाघाट नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितले. त्यापूर्वीच, ८ एप्रिलला, लोकसभेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला होता. १४ जुलैला वाजपेयी सरकारने सैन्य पाठविण्यास नकार दिला. लोकप्रतिनिधींनी आधी तोंड उघडले, तर सरकारला लोकमताकडे डोळेझाक करणे जड जाते, हाच त्याचा धडा.

म्हणून मागणी साधी आहे: देशाच्या संरक्षणासाठी तातडीने करावयाची कारवाई वगळता, परदेशात लढावयास सैन्य धाडण्यापूर्वी संसदेत उघड चर्चा व मतदान झालेच पाहिजे, आणि तसा कायदा व्हावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी शांततेच्या काळातच गावोगाव न्यावी. तोफा धडाडू लागल्यावर ती ऐकण्यास कोणी मोकळा नसतो.