पाण्यातला राजा आणि आमची ग्रंथालय समिती

आमच्या येथील एका मराठी संस्थेच्या ग्रंथालय समितीने गेल्या महिन्यात एक ठराव केला. बदली होऊन उत्तरेकडे निघालेल्या एका अधिकारी गृहस्थांनी आपल्या मुलाच्या चित्रकथांचा गठ्ठा संस्थेस देऊ केला होता. त्यांतील बहुतेक अंक अ‍ॅक्वामॅन नावाच्या समुद्रवासी वीराचे. समितीने आभार मानून गठ्ठा परत केला आणि कार्यवृत्तात कारण नोंदविले ते असे की, माशांशी बोलणारा माणूस हा वाङ्मयाचा विषय होऊ शकत नाही. ज्यांस अद्भुताची हौस असेल त्यांच्यासाठी आपली पुराणे समर्थ आहेत. आम्हीही या समितीचे सभासद आहो. ठरावाच्या वेळी आम्ही गप्प बसलो, त्याची आता लाज वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माशांशी बोलणे हास्यास्पद, हे प्रथम घेऊ. ज्यांच्या घरी पंचतंत्रातील मगर आणि माकड यांचा संवाद तीन पिढ्या पाठ आहे, त्यांनी हा आक्षेप घ्यावा ही मोठी मौज आहे. परंतु या वीराचा उपहास त्याच्या मायदेशीही झाला, आणि तो आमच्या समितीने केला त्याहून कितीतरी निर्दयपणे झाला. मॉर्ट वाईझिंगर व पॉल नॉरिस यांनी १९४१ च्या नोव्हेंबरचा शिक्का असलेल्या एका मासिकात त्याला जन्म दिला. त्याआधी दोन वर्षे, १९३९ साली, बिल एव्हरेट या जेमतेम बाविशीच्या चित्रकाराने नेमॉर नावाचा दुसरा एक जलपुत्र निर्माण केला होता; तो रागीट, भूमीवरच्या माणसांचा वैरी. त्याच्या मानाने अ‍ॅक्वामॅन सौम्य, परोपकारी, आणि म्हणूनच कदाचित दुर्लक्षित. दुसरे महायुद्ध संपल्यावर असल्या वीरांची मासिके एकामागून एक बंद पडली. हा मात्र दुसऱ्यांच्या मासिकांत चार पाने अडवून तग धरून राहिला. स्वतःच्या नावाचे मासिक त्यास मिळाले ते १९६२ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी. पदोन्नतीच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या वाचकांस या आकड्याचे वेगळे विवरण नको.

पुढे १९७१ मध्ये ते मासिकही थांबले. १९७३ पासून अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर जी वीरमंडळाची मालिका सुरू झाली, तीत इतर गडी आकाशातून उडत आणि हा बिचारा जिथे पाणी असेल तिथेच कामाचा. तेव्हापासून तो विनोदाचा कायमचा धनी झाला. नंतरच्या लेखकांनी त्याला गंभीर करण्यासाठी काय काय केले! १९७७ मध्ये त्याचे तान्हे मूल मारले, १९९४ मध्ये मांसभक्षक माशांकडून त्याचा हात तोडविला. हे उपाय आम्हांस रांगडे वाटतात. खरा तोडगा सापडला तो २०११ साली जेफ जॉन्स या लेखकास: त्याने थट्टाच कथेत घेतली. नायक एका उपाहारगृहात बसून मासे मागवितो आणि भोवतालची मंडळी अवाक होऊन पाहत राहतात. सात वर्षांनी त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. उत्पन्न हा वाङ्मयगुणाचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु फसलेल्या कल्पनेस ऐंशी वर्षे टाकून न देता पुन्हा पुन्हा घासूनपुसून पाहणे ही जी कारागिराची चिकाटी आहे, तिचे काय करावयाचे?

आणि पुराणांविषयी. मत्स्यावतार आमचा, वरुण आमचा, नागलोकीची उलूपी आमची, कबूल. पण मालमत्ता नावावर असणे निराळे आणि शेत कसणे निराळे. ही सर्व दौलत उपभोगण्याऐवजी आम्ही ती केवळ दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी बाहेर काढतो. फार कशाला, समुद्राखालच्या आधुनिक वीरांचा जो आद्य पुरुष, तो कॅप्टन निमो कोण होता हे समितीतील किती जणांस ठाऊक आहे? जूल्स व्हर्नच्या मनात प्रथम तो रशियाचा द्वेष करणारा पोलिश सरदार होता; प्रकाशकास रशियातील ग्राहक गमवावयाचे नव्हते, म्हणून १८६९-७० च्या कादंबरीत त्याचे कूळ झाकून ठेवले गेले. १८७५ साली पूर्ण झालेल्या दुसऱ्या कादंबरीत व्हर्नने ते उघड केले: हा राजपुत्र दक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, सत्तावनच्या उठावातला योद्धा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या! दक्कार केवळ कल्पनेतला, हे खरे. पण ज्या टिपूशी फ्रेंच लेखकाने त्याचे नाते जोडले त्याचे जन्मगाव देवनहळ्ळी आमच्या विमानतळाशेजारी आहे, आणि समितीचे अध्यक्ष दर दौऱ्यास त्याच वाटेने जातात. व्हर्न मराठीत आणला भा. रा. भागवतांनी, तेव्हा पाण्याखालच्या वीराची मराठी बालवाङ्मयास बाधा होते असे निदान त्यांना तरी वाटले नव्हते.

याहून आम्हांस बोचते ते निराळेच. 'अमर चित्र कथे'चे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि ते कन्नडमध्ये निघाले. त्यांची कल्पना येथल्याच, बंगळुरातल्या, एका ग्रंथविक्रेत्याची. म्हणून अनंत पै यांचा 'कृष्ण' अकरावा. त्या 'कृष्णा'ची चित्रे राम वाईरकरांची. शिकारी शंभू रेखाटला वसंत हळब्यांनी, हिंदीतल्या नागराजास प्रथम रूप दिले प्रताप मुळीकांनी. हात मराठी, पण इंग्रजी-हिंदीच्या दारी राबलेले. यात त्यांचा दोष कोणी काढू नये. आम्हीही दिवसभर इंग्रजीत टिपणे लिहितो आणि सही दुसऱ्याची होते. दोष आमच्या शिष्टपणाचा. वेताळाला मराठी बोलावयास लावणारे 'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडले, तेव्हा किती मंडळांनी हळहळ व्यक्त केली?

अंक इंग्रजीत आहेत, हा आक्षेप समितीने घेतला असता तर आम्हांस निरुत्तर व्हावे लागले असते. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी. परत केलेला गठ्ठा त्या गृहस्थांनी जाताना आमच्याच दारी ठेवला. आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजी शिकतो, वाड्यात कन्नड बोलतो आणि मराठी म्हणजे जेवताना बोलावयाची भाषा समजतो. १९५९ साली या वीराची जन्मकथा बदलली. तीत त्याचा बाप दीपस्तंभाचा रखवालदार आणि आई समुद्रतळच्या राज्यातली. बापाच्या जगात वाढलेला, आईच्या जगाचा वारस, आणि पाण्यावाचून तासाहून अधिक टिकू न शकणारा. ती कथा चिरंजीवाने रत्नागिरीहून आलेल्या आपल्या आजीस सांगावयास घेतली. आजीस इंग्रजी येत नाही. पोरगा पहिल्याच वाक्यास अडला. लाइटहाऊसला काय म्हणायचे? दीपस्तंभ. पाणी वर येते ते? भरती. मग खाली जाते ते? समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर वाढलेल्या या मुलाने ओहोटी हा शब्द त्या रात्री प्रथम उच्चारला, आणि आजीने आपल्या बंदरावरच्या तांडेलांच्या गोष्टी काढल्या त्या अकरा वाजले तरी संपेनात. आमच्या कपाटातील मराठी पुस्तकांनी आजवर हे केलेले नव्हते.

समितीची पुढील बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. ठरावाचा फेरविचार व्हावा अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. गठ्ठा बरोबर नेणार आहो. मात्र त्यातील तीन अंक आजीच्या उशाशी आहेत, आणि ते बैठकीपर्यंत मिळतील असे आज तरी दिसत नाही.