एक लॅपटॉप, दोन बिऱ्हाडं

तुमच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नाहीये. स्क्रीन ठणठणीत, कीबोर्डवरची दोन-चार अक्षरं पुसली गेलीत, बॅटरी दोन तासांत मान टाकते, बस्स. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ ला तो एकदम ‘म्हातारा’ ठरला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. मशीन चालतं, पण सिक्युरिटी अपडेट्स बंद. घरच्या युजर्ससाठी वर्षभराची जादा मुदत जाहीर झाली, तीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मग विंडोज ११ टाका ना! टाकलं असतं हो. पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला!

बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने तर तो उघडूनही पाहिला नाही. “मॅडम, आता हा भंगारात. नवीन घ्या, ईएमआय करून देतो.” ईएमआय दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. फ्रीलान्स जर्नालिस्टचा चेक कुठल्या तारखेला येतो, हे खुद्द त्या मासिकाच्या अकाउंट्सवाल्यांनाही ठाऊक नसतं. आठ जीबी रॅमचं चालतं मशीन केवळ कॅलेंडरमधल्या एका तारखेमुळे फेकायचं, हे काही मनाला पटेना.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मित्राने दोन शब्दांत निकाल लावला. “ड्युअल बूट कर.”

म्हणजे काय, तर एकाच हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स. इकडे विंडोज, तिकडे लिनक्स, मधे भिंत. मशीन सुरू केलं की दारातच एक मेन्यू येतो: आज कुठल्या घरात जायचंय? हे विचारणाऱ्या वॉचमनचं नाव ‘ग्रब’. दोन्ही घरं एका वेळी उघडता येत नाहीत, इकडून तिकडे जायचं तर रीस्टार्ट. पण ज्या घरात जाल तिथे सगळी रॅम, सगळा प्रोसेसर तुमचा. काही जण सल्ला देतात की त्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन वापर, विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालेल. चालेल की! पण आठ जीबीमध्ये दोघांना एकदम नांदवायचं म्हणजे वन रूम किचनमध्ये लग्नघरचे पाहुणे.

लिनक्स म्हटलं की काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बडवणारा चष्मेवाला पोरगा डोळ्यांपुढे येतो ना? त्यात थोडं तथ्य होतं. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हे सुरू केलं तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. नंतर कॉम्प्युटर मासिकांबरोबर त्याच्या सीड्या यायच्या आणि हॉस्टेलवर रात्र-रात्र जागून इन्स्टॉलेशनचे प्रयोग चालायचे. उबुंटूवाले तर २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. तेव्हा ड्युअल बूट हा हौसेचा मामला होता. आता तो खर्च वाचवण्याचा मामला आहे. स्क्रीनही पूर्वीसारखा भीतीदायक राहिलेला नाही. मिंट किंवा उबुंटू उघडलंत तर मेन्यू, ब्राउझर, फाइल्सचे फोल्डर, सगळं ओळखीचं वाटेल.

तर मग विंडोज पुसूनच का टाकू नये? माझा मित्र या बाबतीत कट्टर आहे. मी नाहीये. मी आठवडाभर एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं की दिवसभरात आपण नक्की काय काय उघडतो. ब्राउझर, मेल, व्हॉट्सअॅप वेब, लेख लिहायला वर्ड, रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकायला प्लेअर. यातल्या प्रत्येकाला लिनक्समध्ये पर्याय आहे, ब्राउझर तर तोच. चिठ्ठीवर खाली उरल्या दोन गोष्टी. एक, श्रीलिपी, कारण एका संपादकांना मजकूर त्यांच्याच जुन्या फॉन्टमध्ये लागतो. दोन, एका क्लायंटची मॅक्रोंनी भरलेली एक्सेल शीट. तुमच्या चिठ्ठीवर टॅली असेल, फोटोशॉप असेल, डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल. अशी एक-दोन कामं असतील तर ड्युअल बूट तुमच्यासाठीच आहे. पण निम्मी चिठ्ठी अशी भरली असेल तर या फंदात पडू नका, रोज चार वेळा रीस्टार्ट करून वैतागाल. आणि ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर तर हा प्रयोग अजिबात नको. एचआरशी ओळख करून घेण्याचे इतर मार्ग आहेत.

आता खरा मुद्दा. या सगळ्यात लॅपटॉप बिघडत नाही, डेटा जाऊ शकतो. पाच वर्षांचे लेख, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, आजीचे शेवटचे फोटो... हे कुठल्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून आधी एक्स्टर्नल डिस्कवर सगळं कॉपी करायचं, आणि कॉपी झालेल्या चार फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघायच्या. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणतच नाही.

मग बघायचं बिटलॉकर. बऱ्याच लॅपटॉप्समध्ये डिस्कला हे कुलूप आधीपासून लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटच्या सेटिंग्जना हात लावला की ते दचकतं आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागतं. माझ्या एका मैत्रिणीला ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये मिळाली खरी, पण ते अकाउंट कॉलेजच्या जमान्यातल्या ई-मेलवर होतं आणि त्याचा पासवर्ड आठवेपर्यंत बिचारीचे दोन तास घामात गेले. तेव्हा किल्ली आधी शोधा, कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा.

तिसरी भानगड ‘फास्ट स्टार्टअप’ची. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पुरतं शटडाउन नसतं. पुढच्या वेळी पटकन उठता यावं म्हणून विंडोज अर्धवट झोपतं आणि डिस्कवर आपला रुमाल टाकून ठेवतं. लिनक्स तो रुमाल बघतं आणि त्या भागात काही लिहायला नकार देतं. शहाणं आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हे बंद करायचं.

जागा मोकळी करण्याचं काम मात्र विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करावं, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणून. मी ५० जीबी काढले, रोजच्या कामाला पुरतात. मग आठ जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह (आतलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका), त्यावर रूफससारख्या प्रोग्रॅमने लिनक्स चढवायचं आणि त्यावरून मशीन सुरू करायचं.

इथे सगळ्यात सॉलिड सोय आहे आणि नेमकी तिचीच लोक घाई करतात. काहीही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स वापरून बघता येतं. मी एक अख्खी संध्याकाळ तशी काढली. वायफाय मिळतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. युनिकोड देवनागरीला फॉन्टही आहेत. त्यातला ‘लोहित’ रेड हॅट कंपनीने दिलेला. लोहित म्हणजे तांबडा, म्हणून हे नाव!

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन म्हणजे चहा संपेपर्यंतचं काम. त्यात एकच स्क्रीन महत्त्वाचा. एक पर्याय म्हणतो विंडोजच्या शेजारी बसवा, दुसरा म्हणतो डिस्क पुसून बसवा. दोन्ही एकाखाली एक असतात. तो स्क्रीन वाचताना फोन बाजूला ठेवा. आणि इन्स्टॉलरला तुमची डिस्कच दिसली नाही तर इंटेलच्या आरएसटी नावाच्या सेटिंगची शक्यता असते. ते बायोसमध्ये नुसतं बदललं तर विंडोज उठायला नकार देऊ शकतं. तिथे थांबा आणि तुमच्या हिंजवडीवाल्या मित्राला जेवायला बोलवा.

नंतरची गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की संध्याकाळी सहाची डेडलाइन आणि कोपऱ्यात दुपारचे साडेबारा! कसलं भारी वाटतं... पाच मिनिटं. लिनक्सला एका ओळीच्या कमांडने ‘घड्याळ लोकल टाइमवर ठेव’ असं सांगितलं की दोघांचं जमतं.

फाइल्सचं गणित एकतर्फी आहे. लिनक्सला विंडोजचा भाग वाचता येतो, विंडोजला लिनक्सचा भाग आपणहून वाचता येत नाही. म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फाइल्स विंडोजच्या बाजूला ठेवायच्या. विंडोज १० ला मी नेट देतच नाही. वायफाय बंद, आत फक्त श्रीलिपी आणि ती एक्सेल शीट. बँक, मेल, शॉपिंग सगळं लिनक्सकडे. ज्यांच्याकडे विंडोज ११ आहे त्यांना नेट बंद ठेवायची गरज नाही, पण ऑगस्ट २०२४ चा किस्सा लक्षात असू द्या. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनंतर कित्येक ड्युअल बूट मशीन्सवर लिनक्स सुरूच होईना आणि मायक्रोसॉफ्टचा कायमचा इलाज आला मे २०२५ मध्ये. माझा तो पेन ड्राइव्ह अजूनही बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असतो.

पहिल्या महिन्यात मी दिवसाआड विंडोजमध्ये जात होते. गेल्या महिन्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा श्रीलिपीसाठी. संपादकसाहेब म्हणतात, “पुढच्या अंकापासून आपण युनिकोडच करतोय.” दोन वर्षं झाली, पुढचा अंक काही येत नाहीये. तोवर विंडोजची खोली राहू दे. भाडं थोडंच द्यायचंय!