जीर्ण कवचाचा भरवसा

मार्च महिना संपता संपता केशोरीच्या परिसरात मोहफुले गळू लागतात, पानगळीचा थर वाळतो आणि वणव्याचे दिवस येतात. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील या वनप्रदेशात आगीकडे प्रथम धावतो तो शहरातील बंबावरचा जवान नव्हे, तर लगतच्या गावातला हंगामी वनमजूर. त्याच्या हाती हिरव्या फांद्यांचा झोडपा किंवा पाला उडविणारे यंत्र असते. अंगात काय असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी याच जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात वणव्याशी झुंजताना तीन वनमजूर होरपळून मरण पावले. अशा दुर्घटनेत वारा, उतार, धूर, थकवा अशी अनेक कारणे एकवटतात. केवळ वस्त्राने सारे प्राण वाचतात, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नेहमीच्या टेरिकॉटमधील पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळून त्वचेला चिकटते आणि भाजण्याची जखम खोल करते, हे विसरून चालणार नाही.

यावर उपाय म्हणजे अग्निरोधक पोशाख पुरविणे, इतके म्हणून आपण थांबतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पोशाख दिला, छायाचित्र निघाले, नोंदवहीत आकडा चढला. पाच-सात वर्षांनंतर त्या कापडात किती बळ उरले, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

शहरी अग्निशामक जवानाच्या पोशाखाला तीन थर असतात. बाहेरचा थर ज्वाळा व घर्षण सोसतो, मधला पाणी अडवितो, आतला उष्णता रोखतो. बाहेरच्या थरासाठी बहुधा वापरले जाणारे अरामिड तंतू वितळत नाहीत. पण ऊन हा त्यांचा वैरी आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हे कापड हळूहळू दुबळे होते आणि सहज फाटू लागते. क्लोरीनयुक्त विरंजक त्याची हानी करतो. मधल्या थराच्या शिवणीवरील पट्ट्या सुटतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. ज्या सुती कापडाला अग्निरोधक रसायनाची प्रक्रिया केलेली असते, त्यातील काही प्रकारांत हा गुण धुण्याबरोबर ओसरतो. उलट न धुतलेल्या पोशाखातील काजळी व तेलकट मळ स्वतःच पेट घेऊ शकतो, शिवाय अंगात विष भिनवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्ककारक ठरविला आहे. म्हणून मळका, फाटका कोट ही पराक्रमाची खूण नव्हे. ती निष्काळजीपणाची खूण आहे.

अमेरिकेत अशा पोशाखाला निर्मितीपासून १० वर्षांची कमाल मर्यादा आहे, आणि तत्पूर्वीही नियमित तपासणी होते. आपल्याकडे आय.एस. १६८९० हे मानक २०१८ मध्ये आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु मानक नव्या कापडाची परीक्षा घेते. जुन्या कापडाची परीक्षा ते वापरणाऱ्या कार्यालयानेच घ्यायची असते. प्रत्येक पोशाखावर निर्मितीची तारीख असावी, त्याची स्वतंत्र नोंद राहावी, सौम्य साबणाने धुऊन तो सावलीत वाळवावा, वर्षातून एकदा शिवण व अस्तर उलटून पाहावे आणि निकामी पोशाख निःसंकोच बाद करावा. यास मोठी यंत्रणा लागत नाही, शिस्त लागते. वनमजुराला बंबावरच्या जवानाचा जड कोट नको. उन्हात मैलोगणती चालता येईल असे हलके, न वितळणारे वस्त्र, बूट व हातमोजे हवेत. मागच्या हंगामातील उसवलेला जोड नव्या मजुराच्या अंगावर चढविणे ही काटकसर नव्हे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात प्राणार्पण करणाऱ्या जवानांच्या स्मृत्यर्थ देश दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतो. त्या दिवशी पुष्पचक्र अवश्य वाहावे. पण त्याच सकाळी प्रत्येक केंद्राने आणि प्रत्येक वनपरिक्षेत्राने आपल्या खुंटीवरचे पोशाख उजेडात आणून तपासावेत. केशोरीसारख्या गावांतील ग्रामसभा व वन व्यवस्थापन समित्यांनीही वणव्याच्या हंगामापूर्वी हा प्रश्न विचारावा. जो दुसऱ्यांसाठी आगीत शिरतो, त्याच्या अंगावरचे कवच जीर्ण नाही ना, हे पाहणे समाजाचे किमान कर्तव्य आहे.